विनोबांनी मजुरीचा दर स्वतःवर लावून पाहिला

कापूस वेचणी सुरू झाली की ओट्यावर एकच बोलणं असतं, आजकाल मजूर कामच करत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे यांनी १९३५ साली याच बोलण्याचा छडा लावला होता. भूदानाचे विनोबा सगळ्यांना ठाऊक. मजुरीवर जगून पाहणारे विनोबा फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोद्याचा. जमनालालजी बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना १९२१ मध्ये वर्ध्याला पाठविले. १९३२ च्या अखेरीस ते नालवाडीला राहायला गेले.

त्या काळी चरखा संघ सूत कातणाऱ्या बायांना सुताच्या मापावर मजुरी देई. समज असा की, बाई रिकाम्या वेळात कातते, थोडे मिळाले तरी भागते. दिवसभर कातूनही हाती मोजके आणे पडत. मग हात सावकाश चालला असेल, असे म्हणणे सोपेच.

१ सप्टेंबर १९३५ पासून विनोबांनी आपल्या सुताच्या मजुरीत जगायचे ठरविले. खर्च धरला महिना ६ रुपये. त्यातच दूध, भाजी, गहू, थोडे तेल. रोज आठ तासांच्या वर कताई. हात सरावलेला, अंगचोरीचा प्रश्नच नाही, तरी चालू दराने हिशेब जुळेना. म्हणजे खोट हातात नव्हती, दरात होती.

आठ तासांच्या चोख कामाला आठ आणे मिळावेत, हे गांधीजींचे म्हणणे. खादी महागली तर खपणार नाही ही कार्यकर्त्यांची धास्तीही खोटी नव्हती. तरी चरखा संघाने १९३५ मध्येच किमान मजुरीचे धोरण घेतले. दर वाढले, आठ आण्यांना मात्र पोचले नाहीत.

नालवाडीच्या आश्रमात मुकादम नव्हता. संध्याकाळी प्रत्येकाच्या कामाचा हिशेब व्हायचा. मजुरी कमी भरली तर जास्त वेळ काम करायचे की रात्रीचे जेवण सोडायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. (हा नियम स्वखुशीने आलेल्यांसाठी होता. आपल्या गड्यावर लादू नका!)

अमेरिकेचे डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये पुस्तकात मांडले की, माणूस कामचुकारच असतो असे मालकाने धरले, तर तो पाळत ठेवतो, आणि त्या पाळतीनेच माणूस तसा होतो. आपल्या वावरात पाहा. पहिल्या वेचणीला बोंडे भरलेली असतात, फरदडीला झाडावर कापूस विरळ. किलोचा दर तोच ठेवला तर तीच बाई, तेवढेच तास, पण वजन कमी. मग आळशी कोण? एक दिवस स्वतः ओटी बांधून वेचा आणि संध्याकाळी काटा करा.

तब्येत खालावल्याने विनोबा १९३८ मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी गेले. १९५१ मध्ये भूदानासाठी पायी निघाले ते वर्षानुवर्षे देशभर फिरले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला.