रिश्टहोफेनचे पहिले एकट्याचे उड्डाण

पहिल्या महायुद्धातील वैमानिकांची गोष्ट निघाली, की मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन या जर्मन वैमानिकाचे नाव हमखास निघते. त्याने शत्रूची ८० विमाने पाडली. स्वतःचे विमान तांबड्या रंगाने रंगवून घेतल्यामुळे ‘रेड बॅरन’ या नावाने तो जगाला ठाऊक झाला. परंतु हाच वैमानिक प्रथम एकटा आकाशात गेला, तेव्हा त्याला धड जमिनीवर उतरताही आले नव्हते.

रिश्टहोफेनचा जन्म २ मे १८९२ रोजी आज पोलंडमध्ये असलेल्या ब्रेस्लाऊ शहराजवळ, एका सरदार घराण्यात झाला. अकराव्या वर्षी त्याला लष्करी शाळेत घातले आणि पुढे तो घोडदळात अधिकारी झाला. १९१४ साली युद्ध पेटले. पण खंदक आणि मशीनगन यांच्यापुढे घोड्यांचे काही चालेना. कंटाळून त्याने १९१५ मध्ये विमानदळात बदली मागून घेतली. आरंभी तो दुसऱ्याने चालवलेल्या विमानात बसून टेहळणी करी. त्याच वर्षी आगगाडीत त्याची ओस्वाल्ड ब्योल्के या नामवंत वैमानिकाशी गाठ पडली आणि आपणही विमान चालवायचे, असे त्याने ठरवले.

गेऑर्ग त्सॉयमर हा मित्रच त्याचा गुरू झाला. गुरूबरोबर सुमारे २५ उड्डाणे झाल्यावर १० ऑक्टोबर १९१५ रोजी, संध्याकाळच्या वेळी, त्याला एकट्याने विमान नेण्यास सांगण्यात आले. वर चढणे जमले, ठरल्या जागी वळणेही जमले. उतरताना मात्र तो पाठ केलेल्या हालचाली यंत्रवत करत गेला. दोघांचे वजन वाहणारे विमान एकट्याच्या हाती निराळे वागते, हे नवशिक्याच्या ध्यानात लवकर येत नाही. विमानाचा तोल गेला, सावरताना आणखी चुका झाल्या आणि ते नाकावर आपटले. त्याला इजा झाली नाही. पण पाहणारे हसले, ते मात्र लागले असणार.

दोन दिवसांनी तो पुन्हा विमानात बसला आणि नीट उतरला. पंधरवड्याने परीक्षा झाली, तीत तो नापास झाला. अखेर १९१५ च्या नाताळच्या दिवशी, तिसऱ्या परीक्षेत, तो उत्तीर्ण झाला.

पुढे ब्योल्केनेच त्याला आपल्या तुकडीत निवडले. १७ सप्टेंबर १९१६ रोजी त्याने पहिले विमान पाडले. प्रत्येक विजयानंतर तो बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचा छोटा पेला घडवून घेई. साठ पेल्यांनंतर युद्धाच्या टंचाईत चांदी मिळेनाशी झाली. विमाने पाडणे चालूच राहिले. जुलै १९१७ मध्ये त्याच्या डोक्याला गोळी लागली, तरी तो परत लढाईवर गेला.

२१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये, सोम नदीच्या काठी, छातीत गोळी लागलेल्या अवस्थेत त्याने विमान एका शेतात उतरवले. या वेळी विमान फारसे मोडले नाही. वैमानिक मात्र वाचला नाही. त्याला २६ वर्षेही पुरी झाली नव्हती.

अपयशाने खचू नये, हा धडा या चरित्रातून सहज मिळतो आणि तो खोटा नाही. परंतु मित्रहो, पडून पुन्हा उठणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे कौतुक करताना त्या ८० विमानांत बसलेली माणसेही आठवावीत. त्यांतही कुणी असाच चुकतमाकत उतरायला शिकला असेल. जिद्द मोठी खरीच. ती कोणत्या कामी लावली, हेही तितकेच मोठे.