कावसजी
कावसजी (अठरावे शतक) हे प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातील प्रसिद्ध मराठा रुग्ण होत. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) ते इंग्रज फौजेत बैल हाकण्याचे काम करीत. टिपू सुलतानाच्या कैदेत त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला.

सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका शस्त्रवैद्याने त्यांना नवे नाक बसविले. मेणाच्या साच्याबरहुकूम कपाळावरील त्वचा सोडवून ती खाली वळविली जाई. रक्तपुरवठ्यासाठी भुवयांमधील पट्टी जोडलेलीच ठेवून सुमारे २५व्या दिवशी कापीत.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त चित्रासह छापला. त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. रुग्णाचे नाव त्या वृत्तान्तामुळे टिकले. शस्त्रवैद्याचे मात्र त्यात नोंदविलेले नाही.