विश्लेषण : ईसीजीतील पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे कुणाची?

ईसीजी वाचायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याची गाठ आधी पाच अक्षरांशी पडते. ती देणारे विलेम आइंटहोव्हन २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांगमध्ये जन्मले. वडील लष्करी डॉक्टर. ते लवकर गेले. आई सहा मुलांना घेऊन १८७० मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टला आली. तिथे वैद्यकशास्त्र शिकून आइंटहोव्हन १८८६ मध्ये, जेमतेम पंचविशीत, लायडनला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

अक्षरे पी पासूनच का?

हृदयातील वीज त्वचेवरून टिपता येते, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये दाखवले होते. मात्र उपकरणातील पारा सुस्त हलत असल्याने आलेख बिघडलेला उमटे. आइंटहोव्हन यांनी तो गणिताने सुधारला. मूळ रेषेच्या चढउतारांना ए, बी, सी, डी ही नावे होती. घोळ नको म्हणून १८९५ मध्ये सुधारित रेषेला पी ते टी दिली. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरणारी वीज, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांतली, तर टी म्हणजे खालचे कप्पे पूर्वस्थितीत येणे.

पण प्रत्येक रुग्णासाठी अशी आकडेमोड करणार कोण? म्हणून त्यांनी नवे यंत्रच बांधले. वितळलेले क्वार्ट्‌झ बाणाला लावून बाण सोडायचा, मागे ताणला जाणारा अतिसूक्ष्म धागा चांदीने मढवायचा आणि चुंबकाच्या ध्रुवांमध्ये बसवायचा. हृदयाच्या विजेने धागा थरथरे, त्याची सावली सरकत्या फोटो-काचेवर उमटे. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, एक मिलिव्होल्टला एक सेंटिमीटर उंची. आजच्या कागदावरही बहुधा हेच माप असते. म्हणूनच आडवा छोटा चौकोन ०.०४ सेकंदांचा.

यंत्र रुग्णापर्यंत कसे नेले?

नेलेच नाही. वजन सुमारे २७० किलो आणि चालवायला पाच माणसे! रुग्णालयही दीड किलोमीटरवर. मग १९०५ मध्ये टेलिफोनच्या तारेतून हृदयाचे संकेत प्रयोगशाळेत आणले. रुग्ण खाटेजवळच, हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे.

दोन हात आणि डावा पाय जोडणारा त्रिकोणही त्यांचाच. हृदयातील विजेची दिशा काढताना विद्यार्थी आजही तो गिरवतात.

१९२४ च्या नोबेलची बातमी आली तेव्हा ते अमेरिकेत व्याख्याने देत होते. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये त्यांचे निधन झाले.