काट्याने उलगडलेले सुजेचे कोडे

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. सूज म्हणजेच आजार असे समजून आमच्या बाह्यरुग्ण विभागात अनेक जण ती लगेच उतरवणारी गोळी मागतात. पण सूज हे शरीराचे स्वतःचे काम आहे. हे प्रयोगाने दाखवले एली मेचनिकॉफ यांनी.

आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या खेड्यात १८४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा खचून त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

१८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठातील नोकरी सोडून ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहायला गेले. एकदा घरचे सर्कस पाहायला गेले असताना ते सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक अळी न्याहाळत होते. तिच्या अंगात पेशी फिरत होत्या. बाहेरची वस्तू आत शिरली तर या पेशी तिला घेरतील का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचे कडे!

त्या काळी सूज ही मुख्यतः रक्तवाहिन्यांची प्रतिक्रिया मानली जाई. या अळीला तर रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे सुजेचे मूळ या फिरत्या पेशींत होते. त्यांना ‘भक्षक पेशी’ असे नाव मिळाले. पाण्यातल्या डॅफ्निया या बारीक जीवात त्या बुरशीचे बीजाणू गिळताना दिसल्या.

जर्मन शास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांच्या मते जंतूंना मारतात ते रक्तद्रवातील घटक. वाद अनेक वर्षे चालला. १८८८ पासून मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि प्रतिपक्षातील पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोघेही बरोबर होते. प्रतिपिंडे जंतूंना चिकटली की भक्षक पेशींना ते गिळणे सोपे जाते. १९१६ मध्ये पॅरिसमध्येच मेचनिकॉफ यांचे निधन झाले.

मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी आपल्या ऊतींमध्ये कायम पहाऱ्यावर असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. जंतूंची किंवा फुटलेल्या पेशींची चाहूल लागताच त्या जाग्या होतात आणि रक्तातील इतर पेशींना बोलावतात. सूज येते ती इथे. घाण साफ झाली की याच पेशी भूमिका बदलतात आणि नव्या रक्तवाहिन्या व तंतू तयार करण्याचे संदेश देतात. जखम भरू लागते.

मधुमेहात हा बदल अडखळतो, म्हणून जखमा चिघळतात. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय तपासा. सूज पसरत असेल, ताप किंवा पू असेल, तर मनाने गोळी घेऊ नका, रुग्णालयात या.