देवांना घरोघर नेणारे चित्रकार राजा रविवर्मा

कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि मांडीवर वीणा घेतलेली, जवळ मोर असलेली सरस्वती आपल्याकडील कित्येक जुन्या घरांच्या माजघरात काचेच्या चौकटीत पाहावयास मिळत. ही चित्रे प्रथम काढणारा हात त्रावणकोरातील एका चित्रकार घराण्यातला होता.

राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी किळिमानूर या गावी झाला. नारळी-पोफळीची बने, भातखाचरे, जांभ्या दगडाची लाल माती आणि पश्चिमेस काही कोसांवर अरबी समुद्र व त्यालगतची खाजणे असा तो मुलूख. आपल्या कोकणातला माणूस तेथे गेला तर भाषेखेरीज त्याला फारसे परके वाटू नये. घरात विद्या होती. मातोश्री उमायंबा काव्यरचना करीत, मामा राजराजवर्मा चित्रे काढीत. लहानग्या रवीने वाड्याच्या भिंती कोळशाने रंगविल्या, तेव्हा मामांनी त्याला रागे न भरता हाताशी धरले, असे सांगतात. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा आणि भगिनी मंगळाबाई यांनीही पुढे कुंचला हाती घेतला.

चौदाव्या वर्षी मामांनी त्यांना तिरुवनंतपुरास महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. तैलरंग तेव्हा नवे होते. दरबारचे चित्रकार ती विद्या सहजासहजी शिकवावयास तयार नव्हते. १८६८ साली थिओडोर जेन्सन हे युरोपियन चित्रकार आले, त्यांनी फक्त काम पाहू दिले. पाहून पाहून जे उमगले तेवढ्याच भांडवलावर रविवर्मा पुढे गेले. १८७० साली त्यांनी कोल्लूरच्या मूकांबिकेच्या देवळात ४१ दिवसांचे व्रत केले, आणि परतीच्या वाटेवर कालिकत येथे एका कुटुंबाचे चित्र काढण्याचे पहिले मोबदल्याचे काम मिळाले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि नाव सर्वत्र झाले.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध बडोद्यामार्गे जुळला. त्रावणकोरचे व पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी गृहस्थ. त्यांच्या ओळखीने रविवर्मा बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांनी पुराणकथांवर चौदा चित्रे सांगितली, तेव्हा देवादिकांना वस्त्रे कोणती द्यावीत हा प्रश्न पडला. दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानभर हिंडले आणि शेवटी स्त्रियांना साडी नेसविण्याचे ठरले. आपली नऊवारीही त्यांच्या चित्रांत पुष्कळ ठिकाणी दिसते. १८९० च्या सुमारास ही चित्रे मांडली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली.

या कामात धाकट्या भावाचा वाटा मोठा, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. राजराजवर्मा हे मुळात निसर्गचित्रकार. थोरल्या भावाने देवतेचे मुख व हात रंगवावेत आणि धाकट्याने मागचे पाणी, झाडी, खडक व आकाश उभे करावे, अशी अनेक चित्रांत वाटणी असे. हिशेब, पत्रव्यवहार आणि प्रवासाची व्यवस्था हीही त्यांच्याच अंगावर. त्यांनी ठेवलेल्या रोजनिशीमुळेच आज या दोघांचा दिनक्रम कळतो.

राजेरजवाड्यांची चित्रे राजवाड्यातच राहणार, ती सामान्यांना कशी दिसावीत? माधवरावांनी पूर्वीच सुचविले होते की, चित्रांच्या रंगीत प्रती छापाव्यात. १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना निघाला. जर्मनीहून यंत्रे व कारागीर आले. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, एकावर एक छपाई, असे ते किचकट काम. पुढे मुंबईत प्लेग आला आणि छापखाना कार्ल्याजवळ मळवलीस हलविला. चित्रे खपत होती, तरी कर्ज फिटेना. अखेर छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. हा घाव त्यांच्या मनाला लागला असल्यास नवल नाही. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागून पुष्कळ ठेवा जळाला.

त्याहून मोठा घाव १९०५ च्या जानेवारीत बसला. राजराजवर्मा गेले, त्यांनी पंचेचाळिशीही गाठली नव्हती. म्हैसूर दरबारची नऊ चित्रे हाती होती. मधुमेहाने थकलेले रविवर्मा आता एकट्याने कामास बसले. त्याच मालेत समुद्रावर बाण रोखणारा कोपलेला श्रीराम आहे. खवळलेल्या लाटा, काळे आभाळ, वाऱ्याने उडणारे वस्त्र! असा समुद्र किनाऱ्याजवळ वाढलेल्या माणसालाच साधावा. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या काळी देशातील असंख्य भाविकांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. थोड्या पैशांत मिळणारे हे छापील चित्र मात्र कोणाचीही जात विचारीत नसे. झोपडीच्या कुडावर खिळा ठोकला की देव घरी आले. रविवर्म्यांच्या दोन नाती १९०० साली त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यांपैकी सेतू पार्वतीबाई यांचे पुत्र महाराज चित्तिर तिरुनाळ, म्हणजे रविवर्म्यांचे पणतू. त्यांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी जाहीरनामा काढून त्रावणकोर संस्थानची देवळे सर्व हिंदूंना खुली केली. आपल्याकडे पंढरीच्या विठोबाचे दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडले.