एक्स-वाय रेषेमागचा माणूस

मंडळी, होस्टेलवर फर्स्ट इयरचा माणूस कसा ओळखायचा? सोपं आहे. पाठीवर शीट कंटेनर, हातात मिनी-ड्राफ्टर आणि चेहऱ्यावर प्रोजेक्शन ऑफ लाइन्सचं टेन्शन! मॅथ्सलाही लोक घाबरतात, पण ती भीती वहीत लपते. ड्रॉइंगची भीती मात्र सगळ्या विंगला दिसते. सबमिशनच्या आधल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे चालू. कुणी खोडरबराने शीटला भोक पडेपर्यंत घासतोय, तर कुणी दोन बादल्यांवर काच ठेवून, खाली ट्यूबलाइट लावून दुसऱ्याची शीट उतरवतोय. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, की हे नसतं लफडं शोधून काढलं तरी कुणी?

ज्याने शोधून काढलं त्याचीच ही गोष्ट. नाव गास्पार मोंज. आपल्या पुस्तकांत थिअरीला फारशी जागा नसल्यामुळे त्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. मीसुद्धा डिप्लोमाची तीन वर्षं ड्रॉइंग करून थेट सेकंड इयरला आलो, तरी हा माणूस मला भेटला तो पार थर्ड इयरला, लायब्ररीत पाऊस थांबायची वाट बघताना.

मोंजचा जन्म मे 1746 मधला, फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या बोन नावाच्या छोट्या गावातला. वडील फिरता व्यापार करणारे, अगदी साधे गृहस्थ. पण मुलाने शिकावं ही त्यांची जिद्द! गावातल्या पाद्र्यांच्या शाळेत गास्पार चमकला, पुढे लियों शहरात शिकायला गेला आणि सतरा वर्षांचा असताना तिथेच फिजिक्स शिकवायलाही लागला. आपण सतराव्या वर्षी काय करत होतो, हे ज्याचं त्याने आठवावं.

1764 मध्ये सुट्टीत तो घरी आला आणि बसल्या बसल्या त्याने अख्ख्या बोन गावाचा मोठा नकाशा काढायला घेतला. मोजमापाची साधनं कुठून आणणार? तीही स्वतःच बनवली. तो नकाशा सैन्यातल्या एका इंजिनिअर अधिकाऱ्याच्या पाहण्यात आला. त्याने पोराची शिफारस केली ती थेट मेझियेरच्या शाही सैनिकी इंजिनिअरिंग शाळेसाठी. त्या काळात युरोपात या विषयाची ही नावाजलेली शाळा.

इथपर्यंत वाचून वाटतं, चला, पोराचं नशीब उघडलं. पण तिथे गेल्यावर कळलं की अधिकारी व्हायच्या मुख्य वर्गात फक्त खानदानी घराण्यांतल्या मुलांना प्रवेश. फिरत्या व्यापाऱ्याच्या पोराला डोकं कितीही असो, त्या दारातून आत जाता येत नव्हतं. शाळेला जोडून एक खालचा विभाग होता. तिथे नकाशे काढणं, किल्ल्यांचे प्लास्टरचे नमुने बनवणं असली हातकामं शिकवली जात. मोंजची रवानगी तिकडे झाली. चांगला हात आहे ना तुझा, मग बस काढत! अशातला प्रकार.

आमच्यातले जे डिप्लोमा करून आलेत, आयटीआय करून आलेत किंवा मराठी मीडियममधून आलेत, त्यांना हे दुसरं दार चांगलं माहीत आहे. त्यामुळे पुढचा भाग मला तरी जास्त आवडतो.

साधारण वर्षभराने मोंजला एक काम मिळालं. किल्ल्याची तटबंदी अशी आखायची की आसपासच्या टेकड्यांवरून शत्रूला आतला माणूस दिसू नये आणि त्याचा गोळा थेट आत येऊ नये. हे ठरवायला आजूबाजूच्या जमिनीवरचे कितीतरी बिंदू घेऊन लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने आकडेमोड बाजूला ठेवली. टेकड्यांच्या माथ्यांना नुसतं टेकून जाणारं सपाट प्रतल डोळ्यांसमोर आणलं, ते कागदावर रेषांनी पकडलं आणि भिंत कुठे किती उंच हवी ते सरळ ड्रॉइंगमधून काढून दिलं. इतक्या लवकर उत्तर आलेलं बघून अधिकाऱ्याला वाटलं, याने आकडेमोड केलेलीच नाही, मग तपासायचं काय? आधी त्याने ते बघायलाच नकार दिला. मोंज मात्र अडून बसला. शेवटी तपासलं, तर उत्तर बरोबर!

ही युक्ती म्हणजे नेमकं काय, ते होस्टेलच्या भाषेत सांगतो. आपल्या खोलीचा कोपरा घ्या. समोरची भिंत आणि खालची फरशी. एक बॅट दोरीने हवेत तिरकी टांगा. आता बॅटच्या प्रत्येक बिंदूपासून सरळ खाली फरशीवर लंब टाकला की तिथे जी आकृती उमटते तो प्लॅन. तसाच सरळ भिंतीवर लंब टाकला की एलेव्हेशन. भिंत आणि फरशी जिथे मिळतात ती आपली लाडकी एक्स-वाय रेषा. आता ती भिंत बिजागरीवर फिरवल्यासारखी मागे आडवी पाडा. दोन्ही आकृत्या एकाच सपाट कागदावर आल्या, एलेव्हेशन वर आणि प्लॅन खाली. झालं, अख्खी खोली कागदावर उतरली!

पण खरी गंमत पुढे आहे. बॅट तिरकी आहे, म्हणून फरशीवरची लांबी खोटी आणि भिंतीवरचीही खोटी. मग खरी लांबी कशी काढायची? बॅट आहे त्याच उताराने गोल फिरवा, इतकी की ती भिंतीला समांतर होईल. फिरवताना तिच्या टोकांची उंची बदलत नाही आणि फरशीवरच्या आकृतीची लांबीही बदलत नाही. आता भिंतीवर बघा, खरी लांबी आपोआप उमटलेली! फर्स्ट इयरला आपण कंपासने जो कंस मारतो ना, तो म्हणजे ही बॅट फिरवणं. हे ज्याला एकदा दिसलं त्याला स्टेप्स पाठ कराव्या लागत नाहीत. ट्यूबलाइटवर शीट उतरवली तर कंससुद्धा उतरतो, पण बॅट काही फिरत नाही.

आता हे सगळं एकट्या मोंजने शून्यातून काढलं असं म्हणणं खोटं होईल. फ्रान्समधले पाथरवट आणि सुतार कमानीचे दगड, घुमट, वळणाचे जिने यांच्यासाठी असली आखणी पिढ्यान् पिढ्या करत होते. पण प्रत्येक धंद्याच्या आपल्या आपल्या खुबी, आणि त्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जायच्या. मोंजने त्या सगळ्यांच्या खालचं समान गणित ओळखलं आणि थोडक्या नियमांत बांधलं. यालाच डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री म्हणतात.

हे वाचताना मला आमच्या अण्णांची आठवण झाली. आमचे अण्णा सुतारकाम करतात, हल्ली जास्त करून इंटिरियरच्या साइटवर. शिक्षण सातवी. आर्किटेक्टने दिलेला किचनचा प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन हातात आला की ते आधी गप्प बसून बघतात. मग प्लायवर गुण्या ठेवून पेन्सिलीने तोच कोपरा फुल साइझमध्ये आखतात. लॉफ्टचा दरवाजा उघडताना पंख्याला लागेल हे त्यांना कागदावरच दिसतं, भिंतीला खिळा ठोकायच्या आधी. मोंजचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही, पण भाषा दोघांची एकच!

तर मूळ मुद्द्यावर येऊ. 1769 मध्ये, म्हणजे वयाच्या बावीसाव्या वर्षी, मोंज त्याच शाळेत गणिताचा प्रोफेसर झाला. ज्या वर्गात बसायला त्याला परवानगी नव्हती, त्याच वर्गाला आता तो शिकवणार! (इथून पुढे त्यांना मोंज सर म्हणायला हवं.) पण एक अट होती. ही पद्धत लष्करी गुपित म्हणून ठेवली गेली. शाळेच्या बाहेर ती छापायची नाही, शिकवायची नाही. पंचवीसेक वर्षं ती अशी भिंतीआडच राहिली.

सरांनी तेवढ्यात बाकीचं गणित गाजवलं. वक्र पृष्ठभागांवर त्यांनी मूलभूत काम केलं. 1780 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत निवड झाली. सिव्हिलवाल्यांसाठी खास म्हणजे 1781 चा त्यांचा निबंध एका साध्या प्रश्नावर आहे. इथली माती खणून तिथे भराव घालायचा, तर कमीत कमी वाहतुकीत कसा? कट अँड फिलचा हा प्रश्न आज ऑप्टिमल ट्रान्सपोर्ट या नावाने कॉम्प्युटरवाले मशीन लर्निंगमध्येही सोडवतात.

1789 मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि सगळं उलटंपालटं झालं. मोंज सर पक्के क्रांतीवाले. 1792 च्या ऑगस्टपासून 1793 च्या एप्रिलपर्यंत ते नौदल मंत्री होते, पण राजकारण हा काही त्यांचा प्रांत नव्हता. त्यानंतर तोफा आणि दारूगोळा बनवायच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. तोफा कशा ओतायच्या यावर पुस्तकही लिहिलं. तो काळ भयंकर होता. लाव्हाझिएसारख्या शास्त्रज्ञाचं मुंडकं 1794 मध्ये उडवलं गेलं.

त्याच 1794 मध्ये पॅरिसला एक नवीन कॉलेज उभं राहिलं, पुढे एकोल पॉलिटेक्निक नावाने जगभर गाजलेलं. ते उभारणाऱ्यांत मोंज सर पुढे होते. प्रवेश कशावर? परीक्षेवर! बाप कोण, घराणं कुठलं हे कुणी विचारायचं नाही. इतकंच नाही, तर सुरुवातीला विद्यार्थ्यांना खर्चासाठी पगारही मिळायचा. (आपल्या स्कॉलरशिपसारखा तो उशिरा यायचा की नाही, हे इतिहासाला विचारावं लागेल!) आणि वेळापत्रकातला मोठा भाग कशाला दिलेला? ड्रॉइंगला!

1795 मध्ये एकोल नॉर्माल या शिक्षकांच्या शाळेत सरांनी डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्रीवर जाहीर व्याख्यानं दिली. एवढी वर्षं किल्ल्यात कोंडलेलं गुपित देशभरातून आलेल्या भावी मास्तरांसमोर फळ्यावर मांडलं गेलं. 1799 मध्ये त्याचं पुस्तक झालं. सर शिकवताना दोन्ही हातांनी हवेत असे पृष्ठभाग काढायचे की पोरांना ते दिसायला लागायचे, असं सांगतात. तिथून हा विषय कारखान्यांत गेला, बांधकामांवर गेला, आर्किटेक्टच्या टेबलावर गेला. एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या क्लोद क्रोझे यांनी तो 1816 पासून अमेरिकेत वेस्ट पॉइंटला शिकवला. आज आपण फर्स्ट अँगल काढतो आणि अमेरिकन थर्ड अँगल काढतात, पण मुळात कोपरा तोच.

सरांचं सगळंच गोड होतं असं नाही. नेपोलियनवर त्यांची आंधळी म्हणावी इतकी निष्ठा. 1796 मध्ये इटलीत जाऊन जिंकलेल्या राज्यांतली चित्रं आणि शिल्पं फ्रान्सला न्यायला निवडणाऱ्यांत ते होते, हे काही भूषणावह नाही. 1798 मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. कैरोच्या विज्ञान संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले आणि वाळवंटातल्या मृगजळाचं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. 1808 मध्ये तर सरदारकीही मिळाली. जन्मावरून मोठेपणा ठरवणारी व्यवस्था मोडायला निघालेला माणूस स्वतः सरदार झाला, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

1815 मध्ये नेपोलियन पडला, राजघराणं परत आलं आणि मोंज सरांची किंमत वसूल झाली. 1816 मध्ये त्यांना संस्थेतून काढून टाकलं, मानसन्मान गेले. 28 जुलै 1818 ला पॅरिसमध्ये ते वारले. पॉलिटेक्निकच्या पोरांना अंत्ययात्रेला जायचं होतं, पण सरकारने परवानगी नाकारली. पोरांनी हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे मिळून स्मशानात गेले आणि सरांच्या थडग्यावर फुलांचं चक्र ठेवून आले. पुढे 1989 मध्ये, क्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सने त्यांचे अवशेष सन्मानाने पँथिऑनमध्ये नेले. पण मला विचाराल तर पोरांचं ते एक चक्र जास्त मोलाचं!

आता कुणी म्हणेल, ऑटोकॅड असताना हाताने कशाला काढायचं? कॉम्प्युटर रेष सरळ मारतो, हे मान्यच. पण रेष कुठे मारायची हे त्याला सांगणाऱ्याला खोलीचा कोपरा आधी दिसायला हवा. पेन्सिल हळू चालते, म्हणून डोकं तिच्याबरोबर चालू शकतं. एकदा ते दिसायला लागलं की मग माउस घ्या नाहीतर आणखी काही.

शेवटचं सांगतो. आपल्या होस्टेलवर ज्यांचं ड्रॉइंग पक्कं आहे त्यांत डिप्लोमावाले बरेच आहेत. इंग्लिशमध्ये सेमिनार म्हटलं की आम्ही मागच्या बाकावर, पण सॉलिड्सचं सेक्शन आम्हाला झोपेत काढता येतं. ते आमच्याजवळच राहिलं तर मेझियेरच्या गुपितासारखंच होईल. म्हणून आम्ही चौघांनी ठरवलंय, रविवारची फीस्ट झाली की मेसच्या हॉलमध्ये दोन तास ड्रॉइंग, आणि तेही मराठीत. फर्स्ट इयरवाल्यांनो, पेन्सिल, कंपास आणि कोरी शीट घेऊन या. काच आणि ट्यूबलाइट खोलीवरच ठेवा. बॅट आम्ही आणतो!