रामाशी भांडणारा भक्त

 

आपल्या गोवळकोंडा किल्ल्यात रामदासांची कोठडी आहे. हे समर्थ नव्हेत, भद्राचलमचे कंचर्ल गोपन्ना. 17 व्या शतकात ते कुतुबशाहीत तहसीलदार होते. सरकारी वसुलीतून राममंदिर बांधलं, म्हणून तानाशाहानं त्यांना कैदेत टाकलं. सुमारे 12 वर्षं! तिथं ते तेलुगूत पदं रचत. दागिन्यांवर किती खर्च केला ते रामाला ऐकवत, रागावत, मग माफी मागत. नाम मात्र सोडलं नाही. शेवटी राम-लक्ष्मणांनीच येऊन रक्कम भरली, अशी श्रद्धा आहे.

आपलं एक काम अडलं की आपण जपमाळ बाजूला ठेवतो. देवावर रागवा हो, पण त्याच्याशी बोलणं सोडू नका.